दादा, तुझ्या चेनसॉचा स्क्रू मी पिळला

प्रिय दादा,

मनालीच्या लग्नाची पहिली पत्रिका देवाला गेली, दुसरी तुला. वहिनीने ती काल तुझ्या फोटोपुढे ठेवली आणि मला म्हणाली, "बेबी, नुसती छापील पत्रिका काय द्यायची ह्यांना? मागे दोन ओळी लिही तुझ्या हाताने." मी पेन काढलं. पण दोन ओळींत मावेल असं काही आपल्या घरात कधी घडलंय का रे? शेवटी पत्रिका बाजूला ठेवली आणि फुलस्केप घेतले.

आधी गुन्हा सांगते, मग लग्नाचं. तुझ्या नव्या चेनसॉच्या कार्बोरेटरला मी हात लावला. नुसता हात नाही, स्क्रूड्रायव्हर. आणि एकदा नाही, अकरा वेळा.

आता तू फोटोतल्या फोटोत उठून उभा राहशील. राहा. फोटो वहिनीने चार खिळ्यांवर ठोकलाय, तेवढ्या धीरावरच लिहिते आहे.

ठाऊक आहे मला, तुझ्या मरोळच्या गॅरेजात पाटी होती : 'कार्बेटरला हात लावू नये.' खाली बारीक अक्षरांत : 'विचारू पण नये.' त्या पाटीखाली बसून तू तीस वर्षं टू-स्ट्रोक इंजिनं सुरात लावलीस. आधी स्कूटर होत्या, त्या गेल्या. मग रिक्षा, त्या गॅसवर गेल्या. शेवटी उरली ती गवत कापायची मशिनं आणि झाडं छाटणाऱ्यांच्या चेनसॉ. आमच्या न्यायशास्त्रात जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी. मरोळमध्ये जिथे जिथे धूर तिथे तिथे दादा. हे मी तुझ्या तोंडावर म्हटलं होतं तेव्हा तू म्हणाला होतास, "अग्नी आसा तर सिलिंडर जळालो म्हणान समज. धूर पुरे."

एम.ए. संस्कृत बहिणीची तू आयुष्यभर जी थट्टा केलीस, तिला तोड नाही. "गो बेबी, तुझ्या संस्कृतात कार्बेटराक काय म्हणतत?" मी रात्रभर विचार करून सकाळी सांगितलं, "वायु-इंधन-मिश्रक." तू काय म्हणालास? "ह्या बोलूक होईपर्यंत गाडी थंड होतली." पुढची दहा वर्षं गॅरेजात मला 'मिश्रकबाई' म्हणत होते. झाडं छाटणारा विलास मोरे अजून म्हणतो. बाकी सगळं विसरतो तो, हे नाही.

तर ऐक.

तू गेलास दसऱ्यानंतर पंधराव्या दिवशी. मनालीचं लग्न ठरलेलं होतं. घरातलं माणूस गेलं की लग्न एक तर वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षं थांबा. आपल्याकडे रीतच ती. मनाली म्हणाली, "आत्या, तीन वर्षं थांबू मी, मला घाई नाही." वहिनी म्हणाली, "तुला नसेल. ह्यांना होती." मग वैशाखातली तारीख धरली.

आणि तारीख धरली तशी वहिनीला पाटांची आठवण झाली. मनाली जन्मली तेव्हा घरामागे तू फणस लावलास आणि चाळीभर सांगत सुटलास, हिच्या लग्नाचे पाट ह्याच फणसाचे. फणसाने सव्वीस वर्षं मान राखला, गरे दिले, शेजारच्या नाईककाकांच्या पत्र्यावर वेळोवेळी फणस पाडले, आणि दोन वर्षांपूर्वी उभ्याउभ्या वाळला. तू कापायची परवानगी काढलीस. नवी कोरी चेनसॉ घेतलीस. "दुसऱ्याची मशीन लावूचंय नाय, माझ्या चेडवाचे पाट माझ्या मशिनीन." आणि मशीन घेऊन पंधरा-वीस दिवसांत, न कापता, गेलास! ह्याला काय म्हणायचं? ग्रंथ अर्धवट टाकून जाणारे ग्रंथकार मी पाहिलेत, पण ते निदान प्रस्तावना तरी लिहून जातात.

चैत्रात फणसानेच वाट बघणं सोडलं. एका दुपारी, वारा ना वावटळ, तो आपला आपण आडवा झाला. कुणाला लागलं नाही. नाईककाकांचा पाण्याचा ड्रम मात्र पापडासारखा चपटा झाला. मागची बोळ बंद. चाळीने ठरवलं, सोमवारी माणसं बोलावून उचलून न्यायचं. आता आपली बोळ तुला माहीत आहे, तिच्यातून तुझी स्कूटरसुद्धा आरसा मिटून जायची. अख्खं खोड बाहेर जाणार कसं? ते लोक त्याचे वीतवीत तुकडे करणार आणि टेम्पोत टाकून जळणाला नेणार. पाटाला हवा सलग अडीच फुटांचा ओंडका. सुताराने स्वच्छ सांगितलं, "ओंडके रविवारी दुपारपर्यंत हातात द्या. मग पाट माझे. तुकडे दिलेत तर पोळपाट करून देतो."

हे मला वहिनीने फोनवर सांगितलं, शुक्रवारी, माझे शाळेतले तास संपल्यावर. मी मुलुंडहून थेट आले. म्हटलं, यात अवघड काय आहे? विलास मोरेला बोलवा, तो झाडं कापतोच.

विलास आला होता. आपली मशीन न घेताच आला होता. "माझी बंद आहे ताई. दादा गेल्यापासून तिला पण बरं नाही." मी म्हटलं, कुणाची तरी भाड्याने आण. तर वहिनी दारातून म्हणाली, "ह्यांनी मशीन घेतलीय. त्याच मशीनने. नाहीतर पोळपाट झालेले चालतील मला." आणि आत गेली. तुझ्या बायकोच्या 'नाहीतर'पुढे कुणाचं काही चाललंय का कधी? तुझंही नाही.

तेव्हा तुझी चेनसॉ कपाटावरून खाली आली. नवी कोरी. साखळी झळकतेय. विलासने पुस्तिकेतल्या मापाने पेट्रोलात टू-टी ऑइल घातलं, चोक ओढला, दोरी ओढली. चौथ्या झटक्याला सुरू झाली, आणि आमचे चेहरे उजळले. मग त्याने ट्रिगर दाबला. ती घुसमटली. गर्रर्र-भक्-भक्, आणि पांढरा धूर असा, की नाईककाका भिंतीपलीकडून ओरडले, "काय ओ, डासांची गाडी इली काय?"

फणसाच्या सालीवर टेकवली तर जागीच बंद.

विलास म्हणाला, "कार्बेटर. ट्यूनिंग गेलंय." मी म्हटलं, मग लाव ना. त्याने दोन्ही हात मागे घेतले. "मला कापता येतं ताई. पिळायचं काम दादाचं. दादाच्या मशीनला मी हात लावू? मेल्यावर तोंड दाखवायचंय मला त्याला."

सर्व्हिसवाल्याला फोन केला. दोन आठवडे, म्हणे, मान्सूनपूर्व छाटणीचा सीझन आहे. मग उरलं कोण? वहिनी माझ्याकडे बघत होती, मनाली बघत होती, विलास बघत होता. "आत्या, तू शिकलेली आहेस ना," मनाली म्हणाली. बघ! तीस वर्षं 'संस्कृत शिकून काय भाजी विकणार' म्हणणारं हे घर अडचणीच्या वेळी एकदम 'शिकलेली' म्हणतं.

मी पुस्तिका उघडली. दादा, खरं सांगू? इतका नेटका ग्रंथ मी बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता. सूत्र कसं असावं? कमीत कमी अक्षरं, संदेह नको. 'एल' म्हणजे मंद गतीचा स्क्रू. 'एच' म्हणजे वेगाचा. उजवीकडे पिळला की पेट्रोल कमी, डावीकडे पिळला की जास्त. तिसरा स्क्रू नुसतं रिकामं चालण्यापुरता. शेवटी बारीक टाइपात, हे काम जाणकारानेच करावं. ते वाक्य मी प्रक्षिप्त मानलं.

धूर जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणून 'एच' उजवीकडे. विलासने मशीन जमिनीवर दाबून धरली, मी पाव फेरा पिळला. आणि सवयीने वही काढून लिहिलं : 'शुक्रवार, पाच वाजता. एच, पाव फेरा उजवीकडे. धूर किंचित कमी. घुसमट तीच.' विलास वहीकडे बघत राहिला. "दादा कधी लिहून नव्हता ठेवत." मी म्हटलं, दादाला ऐकू यायचं, मला वाचता येतं. ज्याचं त्याचं.

शुक्रवारी चार नोंदी झाल्या, शनिवारी सात. सुधारणा म्हणशील तर अशी, की आधी ती लगेच बंद पडायची, आता जरा विचार करून बंद पडायची. नाईककाका भिंतीवर कोपरं टेकून उभेच. "काय बाई, मंत्र म्हणून बघितलात?" मी म्हटलं, "म्हटला असता काका, पण तुमच्या ड्रमाचं काय झालं ते बघितलंत ना? आमच्या घरातलं सगळं उशिरा पण जोरात लागू पडतं." ते आत गेले. पाच मिनिटांनी चहा घेऊन परत आले, पण आले.

शनिवारी दुपारी मात्र मी हरले. वही मिटून पायरीवर बसले आणि पहिल्यांदा तुझ्यावर खराखुरा राग आला. रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटरचा आवाज ऐकून तू आतून सांगायचास, "ह्येचो प्लग गेलो, दोन दिवसांत येतलो," आणि तो माणूस दोन दिवसांत यायचा! सगळ्या अंधेरीच्या इंजिनांची धाप तुला ऐकू यायची. स्वतःच्या छातीत काय घरघरत होतं ते नाही ऐकू आलं? का ऐकू आलं, आणि पाटी लावून ठेवलीस, 'विचारू पण नये'? निदान मला सांगायचंस. मी लिहून तरी ठेवलं असतं.

हे लिहिल्याबद्दल रागावू नको. पुढे गंमत आहे.

मी अशी बसलेली असताना वहिनी आली. हातात तांदळाचं सूप. निवडता निवडता सहज म्हणाली, "तुला आठवतं बेबी, तुझी ती आकाशी स्कूटर बंद पडली होती, तेव्हा हे काय ओरडले होते तुला?" आणि मला एकदम ऐकू आलं. तुझ्याच आवाजात. "गो शाण्या बेबी, आधी ती श्वास कसो घेता ता बघ! मगे इस्क्रू!" तेव्हा फिल्टर काढून तू माझ्या नाकापुढे धरला होतास, सहा महिन्यांची धूळ.

पण ही तर नवीन मशीन! नव्या मशीनचा फिल्टर काय बघायचा? ती धड एक तासही चालली नव्हती. म्हणून तर कुणी बघितला नाही. तरी म्हटलं, गुरुवाक्य आहे. वरचं झाकण काढलं.

दादा, आत काय होतं माहीत आहे? हळद. कुंकू. टू-टी ऑइलात कालवून झालेला घट्ट, शेंदरी लेप, जणू गावच्या वेशीवरचा देव. त्यात रोवलेल्या अक्षता, मोजून नऊ. आणि सगळ्यावर कळस म्हणजे झेंडूची एक वाळकी पाकळी.

विलासने टोपी काढली. त्याला वाटलं, काही दैवी प्रकार आहे.

आणि मला खंडेनवमी आठवली! तू मशीन आणलीस, एकदा चालवलीस, अर्धा तास कान लावून स्क्रू लावलेस, मग पाटावर ठेवून मला बोलावलंस, "ये मिश्रकबाई, हिची पूजा सांग." मी काय कमी करते? अथर्वशीर्षापासून सुरुवात केली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता मुठीने टाकल्या, वर पळीभर पाणी. तू ओरडत होतास, "पुरे गो! मशीन आसा ती, नवरी नाय!" आणि शेवटी मीच हट्ट धरला, की पूजा झाली, आता माळेसकट एकदा सुरू कर, शुभ असतं. तू केलीस. दोन क्षण. बंद करून हसलास आणि म्हणालास, "बघूया मगे, काय काय गिळल्यान ता." मला वाटलं, तू प्रसादाबद्दल बोलतोयस. तू फिल्टर धुणार होतास. तो 'मगे' आलाच नाही.

म्हणजे बघ. तुझं ट्यूनिंग चोख होतं. बिचारीच्या नाकात मी हळदकुंकू कोंबलं, आणि सहा महिन्यांनी येऊन म्हणाले, हिला श्वास का घेता येत नाही, हिचं पेट्रोल कमी करा!

मला आधी हसू आलं. खूप. मनाली घाबरून बाहेर आली इतकं. फिल्टर साबणाच्या पाण्यात धुतला, उन्हात वाळवला, बसवला. विलासने दोरी ओढली. पहिल्या झटक्यात सुरू! ट्रिगर दाबला, जराशी अडखळली, आणि मग काय आवाज! स्वच्छ, उंच, सुरीसारखा. विलास ओरडला, "झकास! ताई, झकास! चला कापू."

आणि माझं हसू गेलं. कारण तुझं दुसरं वाक्यही मला पाठ होतं, पूर्वी कधीतरी विलासलाच झापताना ऐकलेलं. "मोकळी असताना जी किंचाळता, ती जळता. मोकळी थोडी कुरकुराक व्हयी. लाकडात गेली काय सुरात येवक व्हयी." मी ओरडले, "बंद कर! आत्ता!" विलासने बंद केली. फिल्टर तुंबला असताना मी पेट्रोल कमी करत गेले होते. आता हवा मोकळी आली, पेट्रोल तोकडं. ओंडक्यात घातली असती तर पहिल्याच कापाला तुझी नवी मशीन जळून बसली असती.

नुसतं मशीनचंही नाही रे. त्या स्क्रूंवर शेवटचा हात तुझा होता. तुझं पत्र नाही आमच्याकडे, चिठ्ठी नाही. तू लिहायचास कुठे? त्या दोन स्क्रूंच्या जागा, एवढंच तुझ्या हातचं शेवटचं ठरवलेलं घरात शिल्लक होतं. आणि ते मी अकरा वेळा पिळून पुसून टाकलं होतं.

वहिनीला हे कळलं होतं. तिने सूप खाली ठेवलं.

मग मी वही उघडली.

दादा, आमच्यात वेद पाठ करणारे लोक तेच शब्द पुढून मागे आणि मागून पुढे म्हणतात. का? तर एक अक्षर जागचं हलायला नको म्हणून. तू मला विचारलं होतंस, "उलटा म्हणान उपेग काय गो?" तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आता लिहून घे. अकरावी नोंद : एच, एक अष्टमांश उजवीकडे. म्हणून एक अष्टमांश डावीकडे. दहावी. नववी. मनाली एकेक ओळ वाचायची, मी उलटं पिळायची, ती टिक करायची. पहिल्या नोंदीपर्यंत आलो तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. मशिनं वाजवायची वेळ राहिली नव्हती. सकाळी बघू म्हटलं.

रविवारी सकाळी विलासने सुरू केली. वेगात धरली, तर मोकळ्या वेगाला हलकी कुरकुर! अगदी तू म्हणायचास तशी. विलासने माझ्याकडे बघून मान हलवली. मग ट्रिगर सोडला, पुन्हा दाबला, तर ती अडखळली. सोडला, दाबला, पुन्हा अडखळली. पायरी चुकल्यासारखी.

मी वही तीनदा तपासली. बरोबर. 'एल'ला तर मी हातच लावला नव्हता! पुस्तिका म्हणते, अडखळणं हे 'एल'चं लक्षण. विलासकडे बघितलं, त्याने तुझी शपथ घेतली. मनालीकडे बघितलं. "आत्या, यार, माझ्याकडे काय बघतेस? मला तो स्क्रू कुठाय ते पण माहीत नाही."

तेव्हा दारातून वहिनीचा आवाज आला. अगदी बारीक.

"मी पिळला."

"वहिनी!"

"एकदाच गं. हे गेल्यावर महिन्याभराने. पुसायला काढली होती मशीन. ह्यांचा पेचकस तिथेच होता. म्हटलं, बघू तरी, आयुष्यभर काय एवढं पिळत होते."

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"किती?"

वहिनीने हवेत बोटं धरली आणि थोडीशी फिरवली. "दूध उतू जायला लागलं की गॅस बारीक करतो ना? तेवढा."

आता सांग, हे कुठल्या पुस्तिकेत आहे? मी स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. "मग तूच मोठा कर. तेवढाच."

ती खाली बसली. पदर खोचला. विलासने मशीन धरली. तिने स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले, आणि चाळीस वर्षं गॅसशेगडीशी वावरलेल्या त्या हाताने एकच हालचाल केली. पुन्हा बघितलं नाही, पुन्हा पिळलं नाही. उठली.

विलासने ट्रिगर दाबला.

दादा, ती अडखळली नाही. उठली, जराशी कुरकुरली, जशी तुला सकाळी हाक मारली की तू कुरकुरायचास. विलासने पाय रोवले, खुणेवर साखळी टेकवली, आणि फणसात शिरताच तिची कुरकुर गेली. एक लांब, भरलेला सूर. भिंतीपलीकडून नाईककाका काही बोलतील म्हणून मी वाट बघितली. ते कोपरं काढून सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "ह्यो पांडग्याचो आवाज." पांडगो म्हणजे तू. चाळीत तुझं बारशाचं नाव कुणाला ठाऊक आहे?

मग माझ्या लक्षात आलं, की हा तुझाच स्वभाव होता रे. सणावाराला, लग्नात, सुट्टीत, मोकळा असलास की कुरकुर. भाजीत मीठ कमी, पंखा आवाज करतो, बेबी जाडी झाली. कामात शिरलास की कसा सुरात यायचास! आणि आम्ही दोघी बायका जन्मभर तुझी मोकळ्या वेळची कुरकुर घालवायच्या मागे. बरं झालं, तुझा स्क्रू आम्हाला सापडला नाही.

एक राहिलं. फणस बाहेरून राखाडी, मेलेला. पण आत पिवळा! असा पिवळा, की विलासने दुसरा काप घातला आणि भुसा उडाला तो दहा पावलं दूर उभ्या असलेल्या मनालीच्या केसांवर, गालांवर, हातांवर. ती झटकायला लागली. वहिनीने तिचा हात धरला.

"झटकू नको गं," ती म्हणाली. "हळद आहे. ह्यांनी आधी लावली."

मनालीने हात खाली घेतला. मशीन तेवढी बोलत होती.

ओंडके सुताराला दुपारी एकला मिळाले, म्हणजे आपल्या घराण्याच्या मानाने वेळेच्या फार आधी. पाट परवा आले. चार हवे होते, सहा झाले. दोन वधूवरांना, दोन विहीणबाईंच्या मानाला, एक वहिनीला. सहावा नाईककाकांना द्यायचा ठरलाय, ड्रमाच्या बदल्यात. ते म्हणतात, पाटात पाणी राहत नाही. पण ठेवून घेतलाय.

विलासची मशीनही सुरू झाली बरं का. मी फक्त फिल्टर धुतला. तो आता मला 'मॅडम' म्हणतो, आणि पाठ वळली की 'मिश्रकबाई'.

तर दादा, लग्नाला ये. येशीलच. मुहूर्ताच्या वेळी कुणीतरी कोपऱ्यात उभं राहून पंख्याबद्दल कुरकुरलं, की मी समजेन.

आणि माझा शब्द घे. मनालीच्या नव्या नेलपॉलिशचा एकेक थेंब मी दोन्ही स्क्रूंवर सोडलाय, लाल. त्या जागा आता कुणी हलवणार नाही. मी नाही, विलास नाही, आणि वहिनीकडून तर मी देवापुढे वदवून घेतलंय. दर खंडेनवमीला मशीन पाटावर ठेवीन, पूजा सांगीन, मंत्र एकही गाळणार नाही. पण कुंकवाचं बोट एकच, ते मुठीला. अक्षता तीन, त्या पाटावर. झेंडू लांबूनच दाखवीन. आणि सगळ्याच्या आधी फिल्टर काढून बघीन.

आधी श्वास, मगे इस्क्रू. तुझ्या बाबतीत उशीर झाला रे. घरातल्या बाकी सगळ्यांच्या बाबतीत आता कान लावून असते.

तुझी,
बेबी
(मिश्रकबाई, मुलुंड)

ता. क. वहिनी विचारतेय, लिहिलंस का सगळं? म्हटलं, लिहिलं. "माझं ते गॅसचं नाही ना लिहिलंस?" मी म्हटलं, नाही. तेव्हा तू वाचलं नाहीस असं दाखव.